‘तसलं काही मनात नाही ना?’ असं विचारू नका

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. चार-पाच महिन्यांपासून तो मिटल्यासारखा झालाय. रात्रभर जागा असतो, मित्रांचे फोन उचलत नाही. गेल्या आठवड्यात बोलता बोलता म्हणाला, ‘‘ताई, मी नसतो तर तुमचं सगळ्यांचं सोपं झालं असतं.’’ मी विषय बदलला. परवा त्याने जिवापाड जपलेला कॅमेरा मित्राला देऊन टाकला. ‘‘आईबाबांना यातलं काही सांगायचं नाही,’’ असं वचनही त्याने माझ्याकडून घेतलंय. सरळ विचारावं तर माझ्याच बोलण्याने त्याच्या डोक्यात नको ते भरेल, अशी भीती वाटते. गप्पही बसवत नाही. काय करू?

उत्तर : बाकी सगळं नंतर, आधी एवढं सांगते. त्याला विचारा. आजच विचारा आणि शब्द न लपवता विचारा. ‘मी नसतो तर’ हे वाक्य आणि देऊन टाकलेला कॅमेरा या दोन गोष्टी आठवड्याभरात घडल्या असतील, तर वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

विचारल्याने डोक्यात विचार भरतो, ही भीती मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटते. शिकलेल्या माणसांत भेटते, क्वचित डॉक्टरांतही भेटते. संशोधकांनी ती तपासून पाहिली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांच्या प्रश्नावलीत आत्महत्येविषयीचे प्रश्न होते, काहींच्या प्रश्नावलीत ते मुद्दाम वगळले होते. दोन दिवसांनी सगळ्यांना पुन्हा विचारलं, तेव्हा ज्यांना आधी हे प्रश्न विचारले होते त्यांच्यात असे विचार वाढलेले आढळले नाहीत. आधीपासून खचलेली किंवा पूर्वी प्रयत्न केलेली मुलं तर विचारल्यानंतर थोडी कमीच अस्वस्थ दिसली.

मला यात नवल वाटत नाही. ज्याच्या मनात हा विचार आहे त्याला तो तुमच्याकडून मिळत नसतो. रात्र रात्र तो त्याच विचाराशी एकटा झगडत असतो. आणि ज्याच्या मनात नाही तो ‘‘छे गं, तसं नाही, पण पार वैतागलोय’’ असं म्हणतो, वर कशाने वैतागलाय तेही सांगतो. दोन्हीकडे तुमच्या हाती काहीतरी लागतंच.

कसं विचारायचं, यावर मात्र मी जास्त बोलणार आहे, कारण इथे आपली रोजची भाषाच आपल्याला दगा देते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एकाला विचारलं होतं, ‘‘तसलं काही मनात येत नाही ना?’’ तो म्हणाला, ‘‘नाही.’’ मी वहीत ‘नाही’ लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्यानंतर त्याने प्रयत्न केला. तो वाचला, आणि काही दिवसांनी पुन्हा समोर बसला तेव्हा म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्हाला ‘नाही’ ऐकायचं होतं. मी तेच दिलं.’’ ते वाक्य आजही माझ्यासोबत आहे. ‘नाही ना?’ या दोन शब्दांत आपण उत्तर आधीच भरून ठेवतो. ‘तसलं’, ‘वेडंवाकडं’, ‘नको ते’, ‘जिवाचं बरंवाईट’ हे शब्दसुद्धा विचारणाऱ्याची भीती सांगतात. समोरच्याला लगेच कळतं की या माणसाला हे पेलणार नाही. मग तो तुम्हाला सांभाळायला लागतो, आणि स्वतःचं आत ढकलून देतो. तुमच्या प्रश्नात तुम्हीही ‘नको ते’ असंच लिहिलंय. दोष देत नाही, फक्त दाखवून देते. त्याच्याशी बोलताना हा शब्द बाजूला ठेवा.

साधारण असं म्हणता येईल : ‘‘तू त्या दिवशी म्हणालास ना, मी नसतो तर सोपं झालं असतं. मी विषय बदलला, कारण मी घाबरले होते. पण ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. तुला मरून जावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?’’ शब्द तुमचे घ्या, पण ‘मरणं’ किंवा ‘जीव देणं’ यांपैकी एक तरी शब्द स्पष्ट उच्चारला जाऊ द्या. समोरासमोर बसणं जड वाटत असेल तर चालता चालता विचारा. घरात माणसांची ये-जा चालू असताना किंवा तुम्हाला पंधरा मिनिटांत निघायचं असताना मात्र विचारू नका. आणि प्रश्न विचारल्यावर गप्प राहा. ती शांतता लांबते, फार लांबते. ती भरून काढायला ‘‘म्हणजे मला माहितीये तू तसा नाहीस’’ असं काही म्हणालात, की दार लागलं.

तो ‘हो’ म्हणाला तर तुमचं पहिलं वाक्य असं असू द्या : ‘‘सांगितलंस, बरं केलंस.’’ रडू आलं तर येऊ द्या. पण ‘‘आईबाबांचा विचार केलास का?’’ हे तोंडावर आलं तरी गिळून टाका. हे वाक्य आपल्याला मायेचं वाटतं. त्याला ते कसं ऐकू येतं, ते समजून घ्या. थॉमस जॉइनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडणी केली, की मरणाच्या इच्छेमागे बहुतेकदा दोन जाणिवा एकत्र आलेल्या असतात : मी कुणाचाच नाही, आणि मी सगळ्यांवर ओझं आहे. त्या इच्छेचं कृतीत रूपांतर व्हायला तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे वेदनेची आणि मरणाची भीती बोथट होणं. आधीच्या प्रयत्नाने, स्वतःला इजा करण्याने किंवा वेदनेशी वारंवार गाठ पडल्याने ती होते. तुमच्या भावाचं वाक्य पुन्हा वाचा. ‘तुमचं सगळ्यांचं सोपं झालं असतं.’ त्याने आईबाबांचा विचार केलेला आहे. रात्ररात्र केलेला आहे. फक्त त्या हिशेबात त्याचं असणं खर्चाच्या रकान्यात पडलंय. तिथे जाऊन ‘आमचा विचार कर’ म्हटलं, की आणखी एक अपराध त्याच्या नावावर चढतो.

मग काय म्हणायचं? त्याच्या हिशेबाशी वाद घालू नका. तुमचं सांगा : ‘‘तू ओझं आहेस असं तुला वाटतं, हे ऐकून मला वाईट वाटलं. मला तू हवा आहेस.’’ एवढं पुरेसं असतं. ‘सगळं ठीक होईल’ म्हणू नका, ते तुम्हाला माहीत नाही आणि तुम्हाला माहीत नाही हे त्याला माहीत आहे. इतरांना किती मोठी दुःखं असतात, तेही नको. एडविन श्नाइडमन यांनी हयातभर या विषयाचा अभ्यास केला. १९५८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये उभ्या राहिलेल्या आत्महत्या प्रतिबंध केंद्राच्या संस्थापकांपैकी ते एक. त्यांचं म्हणणं असं, की आत्महत्येच्या मुळाशी असह्य मनोवेदना असते, आणि माणसाला मरण हवं असण्यापेक्षा ती वेदना थांबायला हवी असते. पंचवीस वर्षांत मी ज्यांच्याशी बोलले, त्यांतल्या बहुतेकांच्या मनात जगायचं आणि मरायचं असं दोन्ही एकाच वेळी होतं, आणि ते आतल्या आत एकमेकांशी भांडत होतं. तुम्ही विचारता तेव्हा जगू पाहणाऱ्या बाजूला बोलायला माणूस मिळतं.

आता पुढचे प्रश्न. हे विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचारावेच लागतात. विचार कधीपासून येतात? रोज येतात का? कसं करायचं हे ठरवलंय का? त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का, किंवा आणून ठेवलंय का? केव्हा, हे ठरलंय का? आधी कधी प्रयत्न केला होता का? पोलिसी चौकशीच्या सुरात नव्हे. आजारी माणसाला ‘ताप कधीपासून आहे’ विचारतो तसं. ‘कधी कधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये’ आणि ‘मी ठरवलंय’ या दोन्हींत धोका आहे, पण घाई सारखी नाही. कसं, कशाने, केव्हा हे ठरलेलं असेल, साधन हाताशी असेल किंवा पूर्वी प्रयत्न झालेला असेल, तर त्याला एक क्षणही एकटं सोडू नका. सोबत राहा आणि सरळ रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. ‘उद्या अपॉइंटमेंट घेऊ’ असं म्हणायची ती वेळ नव्हे. भारतात असाल तर तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि मानसिक आरोग्यासाठी सरकारी टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ दिवसरात्र चालू असते, तिथे मराठीत बोलता येतं. त्याच्यासाठी काय करावं हे कळत नसेल, तर तुम्ही स्वतःही तिथे फोन करू शकता.

साधनाबद्दल जरा थांबून सांगते, कारण घरच्यांच्या हातात असलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि नेमकी हीच केली जात नाही. ‘करायचंच असेल तर तो दुसरा मार्ग शोधेलच,’ असं लोक खात्रीने म्हणतात. ते खरं नाही. ऑस्ट्रियात प्रयत्नातून वाचलेल्या ८२ जणांशी बोलून केलेला एक अभ्यास २००९ मध्ये आला. त्या वेळचा पहिला विचार मनात आल्यापासून प्रत्यक्ष प्रयत्नापर्यंत किती वेळ गेला, असं त्यांना विचारलं होतं. जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं, दहा मिनिटं किंवा त्याहून कमी. मागे महिनोन्महिन्यांचं दुःख असेल, पण तो कडेलोटाचा क्षण लाटेसारखा चढतो आणि उतरतोही. त्या वेळात साधन हाताला लागलं नाही, तर लाट ओसरायला अवधी मिळतो. आणि ओसरल्यावर माणूस पुन्हा मरणाकडेच धावतो असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९३७ ते १९७१ या काळात एका पुलावर ऐन वेळी अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा पुढे काय प्रवास झाला, हे रिचर्ड सायडन यांनी शोधून काढलं. १९७८ च्या त्यांच्या अहवालानुसार त्यांतले सुमारे ९४ टक्के लोक एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. श्रीलंकेने तर ही गोष्ट देशाच्या पातळीवर करून दाखवली. अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि १९९५ ते २०१५ या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. या बंदीमुळे ९३,००० जीव वाचले असावेत, असा अंदाज आहे. दुःख तिथलं संपलं नव्हतं. हाताशी असलेली वस्तू बदलली होती.

म्हणून भाऊ जे बोलेल ते नीट ऐका, आणि त्याने ज्या वस्तूचा उल्लेख केला ती घरातून बाहेर काढा. लपवू नका, बाहेरच काढा. घरातल्या औषधांचा साठा कुलपात ठेवा आणि लागेल तेवढंच रोज हातात द्या, मग ती औषधं आईबाबांची का असेनात. हे त्याच्या नकळत करण्यापेक्षा त्याला सांगून करा : ‘‘तुला जड जातंय तोवर हे मी दुसरीकडे ठेवते.’’ पुष्कळदा माणूस हो म्हणतो, त्याला सुटल्यासारखंही वाटतं. दारूचंही तेच. दारू विचार करायला लागणारी ती दहा मिनिटंही खाऊन टाकते.

आता वचनाचं. तुम्ही शब्द दिलाय आणि तो मोडावा लागेल, याने तुमचं मन खातंय. मी स्पष्टच सांगते, हा शब्द पाळण्यासारखा नाही. जिवाशी गाठ असलेलं गुपित एका माणसाच्या अंगावर टाकता येत नाही, त्याच्याही नाही आणि तुमच्याही नाही. पण शब्द मोडण्याची एक रीत आहे. त्याच्या पाठीमागे जाऊन आईबाबांच्या कानात सांगू नका. आधी त्यालाच सांगा : ‘‘मी कुणाला सांगणार नाही म्हणाले होते. ते चुकलं माझं. मला हे एकटीला पेलणार नाही आणि तुलाही एकट्याने पेलायला लागू नये. कुणाला सांगायचं, ते आपण दोघं ठरवू.’’ मग निवड त्याच्या हातात द्या : आई की बाबा, मामा की जुना मित्र, आज की उद्या सकाळी, तो बोलणार की तुम्ही. सांगायचं की नाही, एवढा एकच प्रश्न चर्चेला ठेवू नका. तो चिडेल. दोन दिवस बोलणार नाही, कदाचित दोन महिने. हे मी अनेक घरांत पाहिलंय, आणि यातल्या बहुतेक घरांत तो अबोला कधीतरी सुटलेला पाहिलाय.

घरच्यांना सांगाल तेव्हा एक वाक्य ऐकायला मिळेल याची तयारी ठेवा : ‘‘अगं, बोलतो तो करत नाही. गर्जेल तो पडेल काय!’’ ही म्हण बाकी कुठे खरी ठरत असेल. इथे तिच्यावर विसंबू नका. जे आत्महत्येने गेले, त्यांतल्या अनेकांनी आधी कुणाला ना कुणाला काहीतरी बोलून दाखवलेलं असतं. ‘‘लक्ष वेधून घेतोय,’’ हेही ऐकाल. समजा घेतोय. ज्या माणसाला आपल्याकडे लक्ष वळवायला मरणाची भाषा वापरावी लागते, त्याच्याकडे लक्ष द्यायला नको का? आणि पूर्वी एकदा प्रयत्न झालेला असेल, तर ‘तेव्हा नाटक होतं’ म्हणून तो पुसून टाकू नका. पुढचा धोका सांगणाऱ्या गोष्टींत आधीचा प्रयत्न सगळ्यात वजनदार मानला जातो.

लक्षणांची यादी तुम्ही मागितलेली नाही, आणि मी ती देणारही नाही. झोप उडणं, माणसं तोडणं, जीव लावलेल्या वस्तू वाटून टाकणं, निरोपासारखे मेसेज, दारू वाढणं, सतत तगमग, ही चिन्हं खरी आहेत आणि त्यांतली काही तुम्ही स्वतःच ओळखलीत. एक मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही : बरेच दिवस तळमळणारा माणूस काही बदललेलं नसताना अचानक शांत, हलका, अगदी प्रेमळ वागू लागला, तर ‘सुटलो एकदाचे’ म्हणून निर्धास्त होऊ नका. कधी ते खरंच बरं वाटणं असतं. कधी निर्णय झालेला असतो. दोन्हींतला फरक बाहेरून कळत नाही, पुन्हा विचारावंच लागतं. चिन्हांची बेरीज करून धोका नेमका मोजता येत नाही, हे आमच्या क्षेत्राने बरीच ठोकर खाऊन शिकलंय. पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये निघाला. धोक्याच्या घटकांवरून कोण आत्महत्या करेल याचं भाकीत नाणेफेकीपेक्षा जेमतेमच बरं ठरत होतं. म्हणून मी चिन्हांपेक्षा प्रश्नावर भर देते. शंका आली, विचारलं. त्याहून खात्रीचं साधन माझ्याकडेही नाही.

उपचारांकडे वळू. त्याला मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, आणि पहिल्या भेटीत सोबत जा. नैराश्य असेल तर त्यावर उपचार आहेत. बोलण्यातून होणारे उपचारही आहेत, आणि आत्महत्येच्या विचारांवर थेट काम करणारेही. औषधं सुरू झाली तर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा. औषधांचा गुण यायला वेळ लागतो, आणि पंचवीसच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीला असे विचार वाढू शकतात, असा इशारा दिलेला आहे. तुमचा भाऊ या वयाच्या अगदी लगतचा आहे. अस्वस्थता वाढलेली दिसली तर डॉक्टरांना लगेच कळवा. गोळ्या मनाने बंद करू नका. पहिल्या डॉक्टरांशी सूत जमलं नाही, तर दुसरे शोधा. ‘एकदा दाखवलं, काही उपयोग झाला नाही’ असं म्हणून कितीतरी माणसं आमच्या दारातून परत गेलीत, याचं मला दुःख आहे, आणि त्यात चूक दर वेळी त्यांची नव्हती.

तज्ज्ञांकडे जाण्याआधीही त्याच्यासोबत बसून एक कागद तयार करता येईल. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोघांनी बसवलेली ही पद्धत आहे, आम्ही तिला सुरक्षा आराखडा म्हणतो. लाट चढते आहे हे त्याला स्वतःला कशावरून कळतं, ते त्याच्या शब्दांत सगळ्यात वर. (‘छातीत दगड बसतो’, ‘सगळे आवाज लांबून येतात’, काहीही असेल.) त्याखाली, कुणाचीही मदत न घेता त्याला कशाने थोडा वेळ तग धरता येतो. मग, विषय न काढता नुसतं जाऊन बसता येईल अशी माणसं आणि जागा. मग, विषय काढता येईल अशी माणसं, फोन नंबरासकट. त्याखाली डॉक्टर आणि हेल्पलाइन. शेवटी, घर सुरक्षित करायला काय करायचं ते. कागद त्याच्या हातचा हवा. तुम्ही सुंदर अक्षरात लिहून दिलात, तर तो तुमचा कागद होईल. तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांसोबत असा आराखडा केला आणि घरी गेल्यावर त्यांना फोन करत राहिलं, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती कृती सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसल्या. २०१८ मधला हा अभ्यास आहे. त्यातला ‘फोन करत राहिलं’ हा भाग मला कागदाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याबद्दल शेवटी बोलते.

मधेच एक गोष्ट, तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी. दरवर्षी १० सप्टेंबरला, जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनाला, मेणबत्त्यांची चित्रं फिरतात. २००३ पासून हा दिवस पाळला जातो. फिरू द्यात. पण उरलेल्या ३६४ दिवसांत कुणी प्रसिद्ध माणूस गेला, की तो कसा गेला, कशाने गेला, चिठ्ठीत काय लिहिलं होतं, हे सगळं आपण पुढे ढकलत राहतो. त्याचा परिणाम आधीच कड्यावर उभ्या असलेल्यांवर होतो. हे १९७४ पासून नोंदवलं गेलंय. उलटही खरं आहे. १९८७ मध्ये व्हिएन्नातल्या वृत्तपत्रांनी भुयारी रेल्वेवरच्या आत्महत्यांच्या भडक बातम्या देणं थांबवलं, आणि तिथल्या घटना झपाट्याने कमी झाल्या. पुढे ऑस्ट्रियातल्याच संशोधकांना असंही दिसलं, की संकटातून कुणी तरी बाहेर कसं आलं याच्या बातम्यांनंतर आत्महत्या घटतात. म्हणून पाठवायचंच असेल, तर वाचलेल्या माणसाची हकिकत पाठवा आणि मदतीचा नंबर पाठवा. बोलतानाही ‘प्रयत्न फसला’ म्हणू नका. ‘वाचला’ म्हणा. फसणं हा शब्द त्याने आणखी एका गोष्टीत हार खाल्ली असं सांगतो, आणि समोरचा तो ऐकत असतो. खुद्द ‘आत्महत्या केली’ यातल्या ‘केली’ या शब्दालाही गुन्हा केल्यासारखा वास आहे. मी शक्य तिथे ‘आत्महत्येने गेला’ म्हणते. शब्दांनी सगळं बदलत नाही, पण ज्या घरातलं माणूस असं गेलंय त्या घरी बसून पाहा, त्या एका शब्दाने आईची मान कशी खाली जाते ते.

तुमच्याविषयी. तुम्हालाही झोप लागत नसणार. पहाऱ्यावर बसल्यासारखं तुम्ही महिनोन्‌महिने राहू शकणार नाही. म्हणूनच गुपित फोडायचं, म्हणूनच दोन-तीन माणसं सोबत घ्यायची. रात्र वाटून घ्या. तुमच्यासाठीही एक बोलायचं माणूस ठेवा, ज्याच्यासमोर तुम्ही भावावर चिडलाय हे म्हणता येईल. राग येतोच, आणि तो आला म्हणून माया कमी होत नाही. आणखी एक, जे लिहिताना माझाही हात जड होतो. सगळं करूनही काही माणसं जातात. माझ्या कामातही गेलीत. जगात दरवर्षी सात लाखांहून जास्त माणसं अशी जातात, आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या मागे तुमच्यासारखी, जीव तोडून धडपडलेली बहीण असते. तुम्ही विचाराल, सोबत राहाल, मदत आणाल. त्याचा श्वास तुमच्या हातात नाही. हे आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे भीतीने तुमचे हात आखडणार नाहीत.

आता ते फोन करत राहण्याचं. पहिले काही दिवस सगळं घर त्याच्याभोवती असेल. मग तो जरा खाऊ-पिऊ लागेल, हसेल, आणि सगळे आपापल्या कामाला लागतील. धोका तेव्हा संपलेला नसतो. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे आणि महिने सगळ्यात नाजूक असतात, हे जगभर दिसलंय. सॅन फ्रान्सिस्कोतल्या जेरोम मोटो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने काही दशकांपूर्वी एक अगदी साधी गोष्ट करून पाहिली. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे दाखल झालेल्या आणि घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे त्याने दोन गट केले. एका गटाला काहीच पाठवलं नाही. दुसऱ्याला पाच वर्षं, वर्षातून निदान चार वेळा, छोटी पत्रं पाठवली. पत्रात उपदेश नव्हता, औषधाची आठवण नव्हती, काही मागणंही नव्हतं. तुम्ही इथून गेलात त्याला बरेच दिवस झाले, बरे असाल अशी आशा आहे, दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आवडेल, एवढ्याच अर्थाचा मजकूर. पत्रं मिळालेल्या गटात पाचही वर्षं आत्महत्यांचं प्रमाण कमी राहिलं, आणि पहिल्या दोन वर्षांत तो फरक ठळक होता. ज्यांनी डॉक्टरांचं दार लावून घेतलं होतं, त्यांच्यापर्यंत दोन ओळी पोचत होत्या.

तुम्हीही हे करा. फोनच्या कॅलेंडरमध्ये पुढच्या वर्षभराच्या तारखा आत्ताच टाकून ठेवा : पहिला महिना रोज, मग आठवड्याला दोनदा, मग आठवड्याला एकदा. त्या दिवशी त्याला काहीतरी पाठवा. ‘औषध घेतलंस का?’ हे नको, ते घरात कुणीतरी विचारतच असेल. तुम्हाला दिसलेलं काहीतरी, लहानपणीची एखादी आठवण, एखादा फोटो. त्याला फोटो काढायला आवडतात, तर तुम्ही काढलेला वाईट फोटो पाठवून ‘यात काय चुकलं?’ विचारा. उत्तर आलं नाही तरी पुढच्या तारखेला पुन्हा पाठवा. ‘उत्तर का देत नाहीस?’ असं मात्र विचारू नका. आणि दर काही आठवड्यांनी, तो बरा दिसत असला तरी, तो स्पष्ट प्रश्न पुन्हा एकदा विचारा. दुसऱ्यांदा तो पहिल्याइतका अवघड जात नाही, तुम्हालाही आणि त्यालाही.

कॅमेरा परत आणायची घाई करू नका. ज्या मित्राला दिलाय त्याला मात्र आजच फोन करा. कॅमेरा देताना तो काय बोलला, ते विचारा, आणि कॅमेरा सांभाळून ठेवायला सांगा. भाऊ ज्याच्याशी थोडंफार बोलतो असा माणूस तुम्हाला हवाच आहे, तो कदाचित हाच असेल.

काय झालं ते मला कळवा.